जमैकाचें रविवारचें ताट

परदेशीं राहणाऱ्या आमच्या वाचकभगिनींचीं पत्रें अधूनमधून येत असतात. त्यांतील प्रश्न बहुधा मुलांचें मराठी, सणवारांच्या तिथी किंवा तिकडे न मिळणारे जिन्नस यांविषयींचे असतात. गेल्या महिन्यांत लंडनहून आलेलें एक पत्र मात्र निराळें होतें, आणि तें वाचल्यावर या पानासाठीं योजलेला विषय आम्हीं बाजूस ठेवला.

पत्रलेखिका एकत्र कुटुंबांत राहतात. मामंजी, सासूबाई, चुलतसासरे, दीर, जाऊ आणि दोघींचीं मिळून चार मुलें धरून घरांत अकरा माणसें आहेत. शेजारीं जमैकाच्या एक वृद्ध बाई राहतात. मुलें त्यांस आजीच म्हणतात. मागील हिवाळ्यांत मामंजी इस्पितळांत होते आणि घराची सारी घडी विस्कटली होती. त्या वेळीं या शेजारणीनें लागोपाठ तीन रविवार एक झांकलेलें पातेलें आणून दिलें. पहिल्या दिवशीं दारांतच त्यांनीं विचारलें कीं, “तुमच्याकडे काय चालत नाहीं?” उत्तर ऐकून घेऊन त्यांनीं निराळ्या भांड्यांत, मांसाचा स्पर्श होऊं न देतां, नारळाच्या दुधांतला राजम्याचा भात रांधला. तो पानांत घ्यावा कीं नाहीं याचा सासूबाईंनीं पहिल्या रविवारीं बराच वेळ विचार केला. तिसऱ्या रविवारीं त्याच म्हणाल्या, “आज शेजारणीकडून भात यायचा आहे ना?”

आतां मामंजी बरे होऊन घरीं आले आहेत, आणि त्या शेजारणीस एका रविवारीं जेवावयास बोलवावें असें सर्वांच्या मनांत आहे. घरांतील तरुण मंडळी व मुलें त्यांच्याकडे जर्क कोंबडी आवडीनें खातात. तेव्हां त्यांच्याच देशाचें जेवण आपल्या घरीं करून त्यांस वाढावें, अशी मुलांची हौस. पण चुलतसासरे म्हणाले, “पाहुणीला पुरणपोळी वाढा. तें गुलामांचें खाणें आपल्या घरांत कशाला?” यावर सुनेनें उलट उत्तर दिलें नाहीं. तिनें आम्हांस पत्र लिहिलें आणि दोन गोष्टी विचारल्या : हें जेवण खऱ्या रीतीनें कसें करावें, आणि ज्या घरांत वडील माणसें मांसाहार करीत नाहींत तेथें तें एका पंगतींत कसें वाढावें?

पाककृति सांगणें सोपें आहे. ती पुढें देतोंच. परंतु चुलतसासऱ्यांच्या शब्दांस उत्तर दिल्यावांचून चूल पेटवूं नये, असें आम्हांस वाटतें.

जमैका हें कॅरिबियन समुद्रांत, क्यूबाच्या दक्षिणेस असलेलें डोंगराळ बेट. तेथील मूळचे रहिवासी टायनो लोक. लांकडांच्या माचीवर मांस ठेवून खालीं मंद विस्तव करावयाचा, ही त्यांची रीत होती; आज सर्वत्र रूढ झालेला ‘बार्बेक्यू’ हा शब्द त्यांच्याच भाषेंतून स्पॅनिशच्या वाटेनें आला आहे. स्पॅनिश अमलांत रोगराईनें आणि जुलमानें टायनो समाज जवळजवळ नाहींसा झाला, आणि मजुरीसाठीं आफ्रिकेंतून माणसें धरून आणण्यांत येऊं लागलीं. १६५५ सालीं इंग्रजांनीं बेट घेतलें. त्या धामधुमींत स्पॅनिशांचे कित्येक गुलाम डोंगरांत निघून गेले, आणि पुढें इंग्रजांच्या उंसाच्या मळ्यांतून पळालेले लोक त्यांस मिळत गेले. या लोकांस मरून असें म्हणतात. ब्लू माउंटन्सचे उंच कडे आणि कॉकपिट कंट्रीमधील चुनखडीच्या टेकड्या हेच त्यांचे किल्ले. इंग्रजांच्या पलटणींस वर्षानुवर्षें झुंजवून त्यांनीं १७३९ सालीं सरकारास तह करावयास लावला, आणि त्यांचें स्वातंत्र्य व त्यांची जमीन मान्य झाली. पुढें पळून येणाऱ्या गुलामांस परत हवालीं करावें, असें एक कटु कलमही त्या तहांत होतें. तेंही येथें लपवूं नये. पूर्वेकडील मरूनांची पुढारी नॅनी नांवाची स्त्री होती. आज ती जमैकाच्या राष्ट्रवीरांत गणली जाते आणि तेथील चलनी नोटेवर तिचें चित्र आहे.

जर्क या रीतीचा जन्म या डोंगरांतला. स्पॅनिशांनीं आणलेलीं डुकरें रानांत मोकाट वाढलीं होतीं. मरून लोक त्यांची शिकार करीत, मांसास मीठ, मिरची आणि तेथील रानांत होणाऱ्या पिमेंटोच्या झाडाचे दाणे चोळीत, आणि टायनोंकडून आलेल्या रीतीप्रमाणें मंद विस्तवावर तें तासन्‌तास भाजीत. धूर दिसला तर शत्रूस माग लागेल, म्हणून खड्ड्यांत निखारे करून वरून पानांनीं झांकीत, असें परंपरेनें सांगतात. अशा रीतीनें केलेलें मांस टिकत असे आणि रानोमाळ हिंडणाऱ्यांस बरोबर नेतां येत असे. ‘जर्क’ हा शब्दही वाळविलेल्या मांसास पेरू देशाकडील केचुआ भाषेंत जो शब्द आहे त्यावरून, स्पॅनिशच्या द्वारें आलेला आहे. कोंबडीस ही रीत लावणें अलीकडचें. मूळ पदार्थ डुकराचाच. चुलतसासऱ्यांस आमचें नम्र सांगणें एवढेंच कीं, हें खाणें गुलाम राहण्याचें ज्यांनीं नाकारलें त्यांचें आहे.

ज्यांस पळून जातां आलें नाहीं, त्यांच्या हाताची चव त्या रविवारच्या भातांत आहे. मळ्यांवरील गुलामांस आपलें पोट बहुतेक आपणच, डोंगरउतारावरील जमिनीच्या तुकड्यांत कंदमुळें पिकवून भरावें लागे. रविवार हा त्यांचा स्वतःचा दिवस. त्या दिवशीं बाजार भरे. तांदूळ आणि कडधान्य एकत्र शिजविण्याची रीत त्यांनीं पश्चिम आफ्रिकेंतून आणली. घाना देशांत आजही चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवून खातात. गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजीं कायद्यानें उठली आणि खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ रोजीं झाली. पण रविवारचा भात राहिला. आजही जमैकाच्या घरोघरीं रविवारीं सकाळीं नारळ खवला जातो, आणि या भातास तेथील लोक थट्टेनें व अभिमानानें ‘देशाचें राजचिन्ह’ म्हणतात.

मळे ओस पडूं लागले तेव्हां मालकांनीं मजूर आणले ते आमच्या देशांतून. १० मे १८४५ रोजीं पहिले गिरमिटिये ओल्ड हार्बर बे येथें उतरले. १९१७ पर्यंत सुमारें ३६,००० माणसें गेलीं. तीं बहुतेक उत्तरेकडचीं होतीं. बकऱ्याची ‘करी’ हा आज जमैकाच्या प्रत्येक समारंभांतला पदार्थ आहे, तो त्यांच्या हातचा. ज्या चुलीस चुलतसासरे परकी म्हणतात, तिच्याभोंवतीं आपलींही माणसें बसलेलीं आहेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितों. वडील मंडळींनीं राग मानूं नये. कोणाच्या हातचें खावें आणि कोणाच्या हातचें खाऊं नये, याचे हिशेब आमच्यासारख्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्या हिशेबांत आम्हीं किती माणसांस उंबऱ्याबाहेर उभें केलें, हें आम्हांस ठाऊक आहे. त्या शेजारणीनें दारांत उभें राहून प्रथम तुमचा नेम विचारला आणि मग रांधलें. तिच्या या वागण्यांत जें सोंवळें आहे, त्याहून मोठें सोंवळें आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं. त्याची परतफेड तिच्या ताटाची नीट ओळख करून घेऊन करावी, हें योग्यच आहे. पुरणपोळीही अवश्य करावी. ती शेवटीं वाढावी.

आतां त्या ताटांत काय काय आपल्या ओळखीचें आहे तें पाहूं. भातांत घालावयाचे ‘पीज’ म्हणजे आपले वाटाणे नव्हेत. वर्षभर तांबडा राजमा घालतात. नाताळच्या सुमारास ‘गुंगो पीज’ ओले मिळतात तेव्हां ते घालतात. हे गुंगो म्हणजे आपली तूर! तूर ही मूळची हिंदुस्थानची. ती येथून आफ्रिकेंत गेली आणि तेथून गुलामांच्या व्यापाराच्या काळीं कॅरिबियन बेटांत पोंचली. नारळाचीही तीच कथा : त्या बाजूचा नारळ हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील नारळाच्या वंशांतला असून पोर्तुगीज जहाजांबरोबर अटलांटिकमध्यें गेला, असें शास्त्रज्ञांनीं बीजपरीक्षेवरून ठरविलें आहे. उलट, जिच्यावांचून आमचें पान अळणी, ती मिरची अमेरिकेकडून पोर्तुगीजांबरोबर गोव्यास आली. तेव्हां या देवघेवींत कोण कोणाचें ऋणी, हें ठरविणें कठीण आहे.

जिन्नसांपैकीं पिमेंटोची ओळख नीट करून घ्यावी, कारण सारें त्यावर आहे. यासच बाजारांत ऑलस्पाइस म्हणतात. मिऱ्यापेक्षां किंचित्‌ मोठे, तपकिरी, गुळगुळीत दाणे. वास लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र केल्यासारखा. आमच्याकडील दुकानांत ‘कबाबचिनी’ या नांवाखालीं कधीं हे दाणे देतात, तर कधीं कंकोळ देतात. कंकोळास शेंपटीसारखें बारीक देंठ असतें, तें पाहून घ्यावें. थाइम ही बारीक पानांची वनस्पति. तिच्यांत आणि आपल्या ओव्यांत एकच सुगंधी द्रव्य आहे, म्हणून वास ओळखीचा वाटतो. मिरची स्कॉच बॉनेट या जातीची : आंखूड, फुगीर, पिवळी वा तांबडी, अतिशय जहाल, पण पिकलेल्या फळासारख्या वासाची. लंडनमध्यें १९४८ नंतर जमैकाच्या लोकांची मोठी वस्ती झाली. त्या वर्षीं २२ जून रोजीं ‘एम्पायर विंडरश’ जहाजाचे उतारू टिलबरीस उतरले. तेव्हांपासून ब्रिक्स्टनसारख्या बाजारांत हे सारे जिन्नस मिळत आले आहेत. इकडे करणाऱ्यांनीं तिखट लवंगी मिरची घ्यावी. तिखटपणा येईल, पण तो वास येणार नाहीं.

आधीं भात, कारण तो सर्वांचा आहे. येथें वाटी सुमारें २०० मिलिलिटरची धरली आहे आणि प्रमाण बारा पानांचें आहे. दोन वाट्या तांबडा राजमा रात्रभर भिजत घालावा. सकाळीं तें पाणी टाकून द्यावें आणि ताज्या पाण्यांत राजमा निदान दहा मिनिटें खळखळून उकळावा. हें विसरूं नये. कच्च्या राजम्यांत पोटास बाधणारें द्रव्य असतें आणि केवळ मंद आंचेवर तें नाहींसें होत नाहीं. मग लसणाच्या चार पाकळ्या ठेंचून घालून, आंच कमी करून, राजमा बोटानें दाबला जाईल इतका मऊ शिजवावा. शिजल्यावर उरलेलें तांबूस पाणी फेंकूं नये. भाताचा रंग त्यांतूनच येतो. मोठा नारळ खवून, कोमट पाण्यांत चुरून, दोन वेळां पिळून दूध काढावें. हें दूध आणि राजम्याचें पाणी मिळून सुमारें आठ वाट्या व्हावें. कमी पडल्यास साधें पाणी घालावें.

राजमा, त्याचें पाणी आणि नारळाचें दूध एका जाड बुडाच्या पातेल्यांत एकत्र करून त्यांत पातीच्या कांद्याच्या चार काड्या किंचित्‌ ठेंचून, थाइमच्या चार डहाळ्या, पिमेंटोचे दहाबारा दाणे आणि सुमारें साडेतीन चहाचे चमचे मीठ घालावें. उकळी आली कीं चार वाट्या लांब दाण्याचे तांदूळ धुवून घालावे. एक अख्खी स्कॉच बॉनेट मिरची, देंठासह, न चिरतां वर ठेवावी. ती आपला वास देते आणि तिखटपणा स्वतःजवळ ठेवते. फुटली तर मात्र सारा भात हातचा जातो. झांकण घट्ट बसवून अगदीं मंद आंचेवर वीस ते पंचवीस मिनिटें ठेवावें, मध्यें ढवळूं नये. नंतर दहा मिनिटें तसाच मुरूं देऊन मिरची हलकेच उचलून घ्यावी, डहाळ्या काढाव्या आणि काट्यानें भात मोकळा करावा. शीत न्‌ शीत सुटें, रंग फिकट तांबूस आणि वास नारळाचा, म्हणजे साधलें.

आतां कोंबडी. सात खाणाऱ्यांस हाडांसह दोन किलो पुरे. वाटणासाठीं पिमेंटोचे तीन मोठे चमचे दाणे कोरडेच किंचित्‌ गरम करून कुटावे. त्यांत दोन चहाचे चमचे मिरीं, अर्धें जायफळ किसून, एक चहाचा चमचा दालचिनीची पूड, पातीच्या कांद्याच्या दहा काड्या, लसणाच्या दहा पाकळ्या, दोन इंच आलें, थाइमचीं तीन मोठे चमचे पानें, दोन किंवा तीन स्कॉच बॉनेट, दोन मोठे चमचे तांबडी साखर, तीन चहाचे चमचे मीठ, तीन लिंबांचा रस आणि दोन मोठे चमचे तेल घालून भरड वाटावें. आजकाल तीन मोठे चमचे सोया सॉसही घालतात. जमैकांत चिनी मजूर १८५४ पासून आले, तेव्हां तोही तेथें उपरा राहिलेला नाहीं. मिरची हाताळतांना हातांस तेल लावावें आणि डोळ्यांस हात लावूं नये. चटणीसाठीं थोडें वाटण आधींच बाजूस काढावें. कच्च्या मांसास लागलेलें वाटण पुन्हां पानांत येतां कामा नये. तुकड्यांस खोल चिरा देऊन वाटण चोळावें आणि झांकून रात्रभर शीतकपाटांत ठेवावें.

भाजणें हाच या पदार्थाचा प्राण. जमैकाच्या ईशान्येस पोर्टलंड परगण्यांत बॉस्टन बे हें जर्कचें नामांकित ठिकाण आहे. तेथें निखाऱ्यांवर पिमेंटोचीं हिरवीं लांकडें आडवीं मांडून त्यांवर मांस ठेवतात आणि वरून जस्ती पत्रा झांकतात. म्हणजे लांकूडही भाजतें, धुरतें, आणि आपला वास मांसास देतें. इतरत्र तेलाचें पिंप उभें कापून त्याची शेगडी करतात. घरच्या अंगणांत झांकणाची कोळशाची शेगडी असली कीं पुरे. निखारे पांढुरके होऊं द्यावे, ते एका बाजूस सारावे आणि तुकडे दुसऱ्या बाजूस ठेवावे. पिमेंटोचें लांकूड नसेल तर तासभर भिजविलेले पिमेंटोचे दाणे आणि तमालपत्रें मूठमूठ निखाऱ्यांवर टाकीत जावीं. झांकण ठेवून, अधूनमधून उलटीत, पाऊण ते एक तास लागतो. शेवटीं थोडा वेळ निखाऱ्यांवर धरून कातडी करपट तांबूस करावी. हाडाजवळचा रस स्वच्छ निघाला पाहिजे. मोजण्याचें यंत्र असेल तर आंतील उष्णता ७४ अंश सेल्सिअस झालेली असावी.

अंगण नसेल आणि भट्टींत भाजावें लागलें, तर भाजावें. चवीस तें चांगलेंच लागेल. पण तें वाढतांना “जर्कच्या मसाल्याची कोंबडी” असें म्हणावें. हा केवळ शब्दांचा कीस नाहीं. २०१८ सालीं इंग्लंडांतील एका प्रसिद्ध बल्लवाचार्यानें ‘जर्क राइस’ नांवाचा तयार भात बाजारांत आणला तेव्हां मोठा वाद झाला, आणि पार्लमेंटच्या एका सभासद भगिनीनें त्यास उघड हरकत घेतली. भाताला जर्क करीत नाहींत. तो मांसास चोळून विस्तवावर करण्याचा विधि आहे. ज्यांच्या पूर्वजांनीं प्राणावर उदार होऊन ही रीत राखली, त्यांस तें नांव डब्यावर चिकटविलेलें पाहून वाईट वाटलें तर त्यांत नवल नाहीं. आमच्या पुरणपोळीच्या नांवानें कोणी गोड पाव विकूं लागला, तर आम्हीच किती पत्रें लिहूं!

आतां पंगतीचा प्रश्न. यांतील गंमत अशी कीं, जमैकाची खरी रीत आणि तुमच्या घराचा नेम हे एकमेकांच्या आड येतच नाहींत. जर्क मुळांतच घराबाहेरचा पदार्थ आहे. शेगडी अंगणांत, चिमटे व परात त्याचसाठीं निराळीं ठेवलेलीं, आणि काम करणारे घरांतले पुरुष : दीर आणि मोठीं मुलें यांनीं तें अंगावर घ्यावें. स्वयंपाकघर सासूबाईंचें राहूं द्यावें. भात तेथें शिजेल.

मांस न खाणाऱ्यांस केवळ भातावर बसवूं नये. जमैकांतही मांस वर्ज्य करणारे पुष्कळ आहेत. १९३० नंतरच्या काळांत उदयास आलेल्या रास्ताफारी पंथांतील अनेक लोक शाकाहारी असून त्यांच्या सात्त्विक आहारास ‘आयटल’ म्हणतात. वडिलांसाठीं नीरफणस भाजावा. कोंकणांत ज्याच्या आपण कापा तळतों तोच हा. १७९३ सालीं कॅप्टन ब्लाय यानें गुलामांस स्वस्त अन्न म्हणून त्याचीं रोपें जमैकांत आणलीं. आज तो जर्कच्या शेजारींच भाजला जातो. कोंबडी शेगडीवर चढण्यापूर्वीं, शेगडी कोरी असतांना, अख्खा नीरफणस निखाऱ्यांवर फिरवीत तासभर भाजावा. साल कोळशासारखी झाली कीं सोलून, फोडी करून, लोणी व मीठ लावून वाढावा. बाजूस ‘कॅलालू’ म्हणजे आपल्या माठाच्याच कुळांतील पालेभाजी, कांदा, थाइम व टोमॅटो घालून परतलेली. आणि पिकलेल्या राजेळी केळ्यांचे तळलेले काप. हौस असल्यास ‘बॅमी’ ही कसाव्हाच्या कंदाची जाड भाकरी बाजारांतून आणावी. ती टायनो लोकांची देणगी. आणि आपला उपासाचा साबुदाणा त्याच कंदापासून होतो, हें सासूबाईंस अवश्य सांगावें.

वाढतांना पहिला मान भाताचा. तो एकाच पातेल्यांतून, सर्वांच्या पानांत, पाहुणीपासून धाकट्या नातवापर्यंत वाढावा. नीरफणस, भाजी आणि केळीं फिरूं द्यावीं. कोंबडीची परात पंगतीच्या एका टोंकास असावी. ज्यास हवें त्यानें तेथून घ्यावें. अशानें कोणाचा नेम मोडत नाहीं आणि कोणी निराळ्या खोलींत जेवत नाहीं. पाहुणीस मात्र आदल्या दिवशींच बोलावून वाटण चाखवावें. मीठ, मिरची, पिमेंटो काय कमी पडलें तें त्या सांगतील. आम्हीं लिहिलेल्या चमच्यांच्या मापांहून त्यांच्या जिभेचा शब्द प्रमाण मानावा.

चुलतसासऱ्यांस त्या दिवशीं पाहुणीशेजारचें पान मांडावें, अशी आमची सूचना आहे. नॅनीची गोष्ट त्या आजींकडून ऐकावी, आणि आपल्या तुरीची गोष्ट त्यांस सांगावी. वाद घालण्याचें कांहीं कारण नाहीं. ज्या घरीं दुखण्याच्या दिवसांत झांकलेलें पातेलें आलें, त्या घरांत तें पातेलें रिकामें परत करीत नाहींत, हें त्यांस आम्हीं सांगावयास नको. तें त्यांनीं आपल्या आईकडूनच पाहिलेलें असेल.